झूमला हात न लावता दौलताबाद

मी लग्नांची शूटिंग करतो. सेलूच्या आसपासच्या कित्येक घरांच्या पंगती, वराती आणि रुसवेफुगवे माझ्या हार्डडिस्कवर पडून आहेत. आमच्या धंद्यात नियम एकच, कुणी राहून जाता कामा नये. नवरदेवाचा मामा व्हिडिओत दिसला नाही तर तो पुढं वर्षभर माझ्या नावानं शंख करतो. म्हणून आम्ही पंगतीवरून कॅमेरा फिरवतो, प्रत्येक ताटावर झूम करतो आणि वाढपी मध्ये आला की परत मागं येतो.

दिवाळीनंतर लग्नाच्या तिथी सुरू व्हायला थोडा वेळ होता. संभाजीनगरला पाच दिवसांचं कॅमेऱ्याचं शिबिर आहे असं कळलं, म्हणून फोन लावला. शिकवणारे सर माहितीपट बनवतात. ज्याची सरावाची फिल्म सगळ्यात चांगली होईल, त्याला ते हिवाळ्यातल्या आपल्या कामावर दुसरा कॅमेरा, म्हणजे दुसऱ्या कॅमेरामनची जागा, देणार होते. मला ते काम हवं होतं. मांडवाबाहेर आपल्याला काही टिपता येतं का, हे चाळिशीच्या आत कळलेलं बरं असा विचार केला आणि नाव दिलं.

सेलूहून सकाळची गाडी पकडली. जालन्यापर्यंत बसायला जागा मिळत नाही, नंतर मिळते. करमाड गेलं की कापसाच्या रानांमध्ये पत्र्याच्या शेड दिसू लागतात, आणि चिकलठाणा आलं की लोक उगाचच पिशव्या घेऊन दारात उभे राहतात. स्टेशनजवळच्या लॉजवर साडेसहाशेत खोली मिळाली. जाणार असाल तर मागच्या बाजूची मागा. रस्त्याकडच्या खोलीत रिक्षांच्या भोंग्यांखेरीज काही मिळत नाही.

पहिले दोन दिवस मुळाक्षरं गिरवली. उजेड कुठून येतोय ते आधी बघा. ट्रायपॉड रोवला की हलवू नका. जवळचं दिसायला हवं असेल तर स्वतः चालत जवळ जा, झूमला हात लावायचा नाही. सरांनी सगळ्यांचं जुनं काम मागवलं होतं. माझ्या एका लग्नाचा तुकडा त्यांनी शांतपणे बघितला.

"तुम्ही कुणालाच सोडत नाही," ते म्हणाले.

मी खूश झालो. मग ते पुढं म्हणाले की काय सोडायचं हे ठरवणं म्हणजेच सिनेमा, तेव्हा कळलं की ते कौतुक नव्हतं. संध्याकाळी सिटी चौकात नान-खलिया खाताना रुबीनानं मला तेच ऐकवलं. ही इथलीच, शहागंजची, सरावासाठी माझ्या जोडीला दिलेली. एका जोडीला एक कॅमेरा होता आणि आमचा कॅमेरा बहुतेक वेळ तिच्याच ताब्यात असायचा.

तिसऱ्या दिवशी दौलताबादला गेलो. छावणी, मिटमिटा असं करत रिक्षा जाते. एसटीही आहे, पण ट्रायपॉड घेऊन एसटीत चढलं की आपण सगळ्यांच्या शिव्यांचे धनी होतो. पुढं जुन्या वेशीत समोरासमोर दोन बस आल्या आणि अर्धा तास तिथंच गेला. तेवढ्यात रस्त्याकडेला सीताफळं घेतली. किल्ल्याच्या दारातली घेऊ नका, तिथं महाग पडतात.

सरावाची फिल्म साधारण मिनिटभराची करायची होती. एखाद्या माणसाचं काम दाखवायचं, बोलणं नाही, झूम नाही. बाकीचे किल्ला चढायला लागले. ट्रायपॉड माझ्या खांद्यावर असल्यामुळं मी पायथ्याशीच काहीतरी शोधू म्हणालो. किल्ल्याच्या मागच्या अंगाला एका वावरात मेंढरं बसवलेली होती आणि दोन भाऊ लोकर कातरत होते. म्हणजे धाकटा, अंकुश, कातरत होता. थोरले कोंडीबा मेंढरू धरून द्यायचे.

अंकुशचे हात बघण्यासारखे होते. मेंढी आडवी पडली की कात्री तिच्या अंगावरून सपासप फिरायची आणि लोकर एकाच तुकड्यात उलगडत यायची. आम्ही हात टिपले, कात्री टिपली, लोकरीचा ढीग टिपला. कोंडीबांनी हे सगळं पाहिलं, उठून पालाकडं गेले आणि धुतलेला पटका बांधून परत आले. मग मेंढरांकडं पाठ करून कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले.

रुबीना माझ्या कानाशी म्हणाली, "काम तो कुछ कर नइ रहे उनो, खाली खडे हैं. नको लेओ."

मी तो शॉट घेतला. पटका बांधून समोर उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणायची मला सवय नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फिल्म जोडली. कोंडीबांचा शॉट कुठंच बसेना, म्हणून काढून टाकला. जे उरलं ते खरंच चांगलं होतं. आपण असं काही करू शकतो हे बघून मला आनंद झाला, आणि दुसरा कॅमेरा आता लांब नाही असंही वाटलं. दाखवायचा शब्द दिला होता म्हणून दुपारी लॅपटॉप घेऊन परत वावरात गेलो.

कोंडीबा शेवटपर्यंत लक्ष देऊन बघत होते. स्क्रीन काळी झाल्यावरही क्षणभर तिकडंच बघत राहिले.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "आमी नाय त्यात."

रागावले नाहीत. उठले आणि मेंढरांकडं निघून गेले. मग अंकुशनं हळू आवाजात सांगितलं की हे शेवटचं कातरणं. तो वाळूजला कंपनीत लागणार होता, दादाचे गुडघे गेले होते, एकट्याच्यानं कळप फिरवणं होत नाही. येत्या बाजारात सगळी मेंढरं विकायची ठरली होती. दादाला चार दिवस हाच एक प्रश्न पडला होता, की उद्या कुणाला सांगितलं माझी मेंढरं होती, तर पटणार कसं.

 लॉजवर आल्यावर मी तो शॉट शेवटी जोडला. सरांनाही सांभाळायचं होतं, म्हणून अगदी छोटा ठेवला. कोंडीबा उभे आहेत, एक भुरी मेंढी त्यांच्यामागून जायला लागते, आणि फिल्म संपते.

पाचव्या दिवशी सरांनी ती बघितली आणि वर्गातले दिवे लावले. "लोकरीच्या ढिगावर सिनेमा संपला होता," ते म्हणाले. "हा शॉट लग्नाचा आहे. काढा, मग बोलू."

मग बोलू म्हणजे काय ते वर्गात सगळ्यांना कळलं. मी म्हणालो, राहू द्या. यात थोरपण शोधू नका. मामा राहून गेला की झोप लागत नाही, एवढंच ते होतं. दुसरा कॅमेरा जालन्याच्या एका मुलीला मिळाला. तिची फिल्म चांगलीच होती. मला वाईट वाटलं, आणि गाडी परतूर ओलांडेपर्यंत वाटत राहिलं. फिल्मवर रुबीनाचंही नाव होतं, त्यामुळं जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं अबोला धरला. मग सीताफळ फोडून अर्धं माझ्यापुढं ठेवलं.

घरी आल्यावर फिल्म अंकुशच्या फोनवर पाठवली आणि लग्नसराईला लागलो. बऱ्याच दिवसांनी त्याच्याच नंबरवरून फोन आला. पलीकडं कोंडीबा होते.

"शूटिंगवाले, मेंढरं गेली बाजारला," ते म्हणाले. "तुमचं ते रोज बघतो मी. ती भुरी माझ्यामागं जाती आन् तिथंच संपतं. बाहेर येतच नाय ती. पुढचं हाय का?"

बघून सांगतो म्हणालो. खरं तर मी तो शॉट पुरा कधी बघितलाच नव्हता. सुरुवात बघून कापला होता. हार्डडिस्क शोधून लावली. कोंडीबा ताठ उभे, नजर कॅमेऱ्यात. भुरी त्यांच्यामागं जाते. बराच वेळ काहीच होत नाही, नुसता वारा पटक्याचं टोक हलवतो. मग ती दुसऱ्या बाजूनं बाहेर येते आणि त्यांच्या पायाशी थांबते. कॅमेऱ्यावरची नजर न हलवता त्यांचा हात खाली येतो, तिच्या पाठीवर टेकतो, आणि तेव्हा कुठं त्यांचा चेहरा सैल होतो. पाठीमागून माझा आवाज येतो, "झालं, काका." तरी हात तिथंच आहे.

मी होतं तसं सगळं पाठवून दिलं, माझ्या आवाजासकट.

दौलताबादला जायचं तर दिवाळीनंतर जा, ऊन बोचत नाही. किल्ला मी अजून चढलेलो नाही. झूम मात्र सुटलं आहे, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी चालू आहेत. परवा मानवतच्या एका लग्नात नवरीचे वडील मुलीशेजारी फोटोला राहावं तसे उभे राहिले. थोड्या वेळानं अवघडून त्यांनी विचारलं, झालं का.

"नाही," मी म्हणालो. "अजून थोडं थांबा."