दसऱ्याआधी ठोकून घेतलेलं दार

मुलानं पुण्याहून फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "अपघातात चूक तुझी निघाली तर गाडी विकायची. या वयात एकटीनं चालवणं पुरे." मी चिडून हो म्हणाले. यजमान गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले होते आणि तिच्यामुळंच घराबाहेर पडत होते. नाहीतर औरंगाबादच्या त्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलत बसायचं.

चूक माझी नव्हतीच. लासूर स्टेशनला बाजाराजवळ गाडी उभी करून मी आत बसले होते. कांद्याचा एक टेम्पो मागं घेताना धडकला आणि माझ्या गाडीचं डावं दार आत चेपलं. टेम्पो चालवणारा व्यापारी हात जोडतच खाली उतरला. "ताई, चूक माझी हाय. माझ्या टेम्पोचा विमा हाय, ते लोक तुमचं दार करून देतील."

त्या विमा कंपनीच्या ऑफिसात मी अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी बजावलं, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. सर्व्हेअर काही उगवला नाही, दसरा मात्र आला. मोडक्या गाडीला हार कसा घालायचा? यजमानांनी तर मुळीच घातला नसता. मी गॅरेजमधून दार ठोकून, रंगवून आणलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आपट्याची पानं द्यायला घरात कोणी नव्हतं. ती मी गाडीतच ठेवली.

दसऱ्यानंतर सर्व्हेअर आला. दारावर टिचकी मारून म्हणाला, "मॅडम, नुकसान कुठंय? दार तर नवं दिसतंय." मी दसऱ्याचं सांगितलं, तसा तो गालात हसला. त्याच्या स्वतःच्या स्कूटरला वाळका हार लोंबत होता, पण ते त्याच्या कागदात बसत नव्हतं.

मी पुन्हा ऑफिसात गेले, तर साहेब विचारू लागले, "गाडीत तुमच्याबरोबर कोण होतं?" कोणी नाही. "मग घरचं कोणी माणूस घेऊन या, म्हणजे नीट बोलता येईल." जसं काही मी बोलत नव्हते, नुसती खुर्ची अडवत होते. घरचं कोण आणणार? बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि मला रडूच आलं.

शेवटी लासूरच्या त्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो बाजार सोडून आला. साहेबांना म्हणाला, "टेम्पो मीच मागं घेतला. ताईंची गाडी उभी होती. अन् दसऱ्याला मोडकी गाडी कोण पुजतं, सांगा बरं?" दार किती चेपलं होतं ते गॅरेजवाल्यालाही विचारून घ्यायचं साहेबांनी कबूल केलं. निघताना व्यापाऱ्यानं मला टपरीवर चहा पाजला. कोणाबरोबर बसून चहा घेतल्याला किती दिवस झाले होते, ते मला आठवेना.

दिवाळी झाल्यावर कंपनीचं पत्र आलं. चूक टेम्पोचीच. मी लगेच मुलाला फोन लावला.

"चूक माझी नव्हती. लेखी दिलंय त्यांनी."

"चला, बरं झालं," तो म्हणाला. "आता गाडीला भाव चांगला येईल. एक ओळखीचं गिऱ्हाईक आहे, त्याला घेऊन शनिवारी येतो."

दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नव्हती. अंगाचा तिळपापड झाला. चांगलं सुनावायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि विचारलं, "जेवायला काय करू?"