सव्वीस डिसेंबरची पेटी

“आज घरच्यांचा दिवस. तू उद्या ये,” असं पंचवीस डिसेंबरला दार अर्धवट उघडून सांगणारी बाई मी एकच पाहिली. गंमत म्हणजे घरात त्या एकट्याच असायच्या.

मी जर्मनीत, कार्ल्सरूहेत पीएच.डी. करत होतो तेव्हा त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या इंग्रज, जर्मन नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जर्मन लोक नाताळच्या भेटवस्तू चोवीसच्या संध्याकाळीच देऊन टाकतात, याचा त्यांना कायम राग. “आल्झो, अरे पण एवढी कसली घाई?” म्हणायच्या.

त्यांचे गुडघे गेले होते. जिना सगळ्या बिऱ्हाडांनी आळीपाळीनं झाडायचा असे; त्यांची पाळी आली की मीच झाडायचो, आणि त्या दारात उभ्या राहून कोपरे दाखवायच्या. “तुला आईनं झाडू धरायला शिकवलेलं दिसत नाही,” हेही वर ऐकवायच्या. खरंच शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी सव्वीसला त्यांनी मला एक जुनी लाकडी पेटी दिली. मी ती वर आणली आणि उघडायच्या आधी, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, नेटवर या सव्वीस तारखेबद्दल वाचत बसलो. पूर्वी इंग्रज घरांत नाताळच्या दुसऱ्या दिवशी मालक मंडळी नोकरचाकरांना अशी पेटी देत. झालं! अपमान शोधायला पुण्याचा माणूस कुठे लांब जातो? मी पेटी घेऊन तसाच खाली उतरलो.

“मी तुमचा नोकर नाही.”

“बरं,” एवढंच म्हणून त्यांनी पेटी परत घेतली. पुढच्या पाळीला त्यांनी स्वतःच जिना झाडला, एकेका पायरीवर बसत. मी वरून आवाज ऐकत होतो, पण खाली गेलो नाही. याची आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात मी भारतात असताना त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि तिथेच वारल्या. मी परतलो तेव्हा घर आवरायला इंग्लंडहून त्यांची भाची आली होती. तिला मी पेटीबद्दल विचारलं.

“ती माझ्या आजीची. आजी एका बड्या घरी मोलकरीण होती. नाताळला तिकडे राबायची आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन घरी यायची. मावशीचा नाताळ त्या पेटीतूनच निघायचा. त्या पेटीला मावशी कुणाला हात लावू द्यायची नाही.”

“आता कुठे आहे?”

“वृद्धाश्रमातल्या सफाईवालीला दिली तिनं. त्या बाईनं म्हणे दोन्ही हातांनी घेतली.”

त्या बाईचा मला अजून हेवा वाटतो.