कुरमाघरातली चटई

महिला दिनाच्या मोर्चाला आजी येईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. मोर्चा कुरमाघराच्या विरोधात होता. आमच्या भामरागडकडच्या गोंडांच्या गावांत पाळीच्या दिवसांत बायांनी गावाच्या कडेला, कुडाच्या झोपडीत राहायचं आणि कुणाला शिवायचं नाही. आमच्या घरात हा नियम आजीच चालवायची. तिची धाकटी लेक, माझी आत्या, त्याच झोपडीत साप चावून गेली. सकाळची आंबील घेऊन गेलेल्या आजीलाच ती सापडली. त्यानंतर तिनं कधी आत्याचं नाव घेतलं नाही आणि नियमही सोडला नाही. मला तिचा फार राग यायचा.

तरी त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीच सगळ्यांच्या आधी चढून बसली.

तालुक्याला उतरलो आणि रांगा लागायच्या वेळी आई बाजूला झाली. तिला पाळी आली होती, आणि तिनं ते सगळ्यांदेखत सांगूनही टाकलं.

मी तिच्याजवळ जाऊन चिडूनच विचारलं, "काऊन सांगतलं? कोनाले समजलं असतं?"

"मले समजलं ना," ती म्हणाली.

झोपडी बंद करा म्हणत आम्ही पुढं, आणि झोपडीचा नियम पाळत आई दहा हात मागं, एकटी. घोषणा मात्र तिचीच सगळ्यांत खणखणीत. मला हसूही येत होतं आणि रडूही. आजी सारखी मागं वळून बघायची. तहसीलसमोर ऊन तापलं तेव्हा तिनं आईला पाणी पाजलं, पण वरून ओंजळीत ओतून, अंतर राखून. म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

साहेबांनी निवेदन घेतलं, बघू म्हणाले. परतताना आई ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

गावात शिरताना आधी कुरमाघरच लागतं. आईनं ट्रॅक्टर थांबवायला सांगितला आणि मुकाट्यानं उतरली. तिची चटई तिथंच असायची. त्या झोपडीतलं काही घरात आणत नाहीत. ती दाराकडे वळली तशी गुडघे धरत आजीही उतरली. आत्या गेल्यापासून ती या दाराकडे फिरकली नव्हती, आईचं जेवण मीच पोचवायची.

"तिथी नको जाऊ वं," आजी म्हणाली. "माझी पोरगी एकटीच मेली तिथी. मीच धाडलं होतं तिले."

आई जागची हलली नाही. मग आजीच वाकून आत गेली, चटई गुंडाळून काखेत घेतली आणि घराची वाट धरली. आई मागून, अजूनही दहा हात अंतर ठेवून. आजी वाटेत थांबली. आई जवळ येईपर्यंत थांबूनच राहिली आणि मग तिनं आईचा हात धरला.

दिवेलागणीला ती चटई आमच्या ओसरीत अंथरली. आजी आईला लागूनच चटईवर बसली आणि आत्याचं नाव घेऊन रडली.