बिनऔषधाचं

विनोदने जिवलीला केसांना धरून पडवीतून बाहेर ओढलं आणि तिचं तोंड तिच्याच मलमाच्या डब्यात दाबलं.

"खा," तो म्हणाला. "माझ्या बहिणीच्या डोळ्यात औषध घातलंस ना? आता तू खा."

त्याच्याबरोबर आलेले दोघे फळीवरच्या बरण्या अंगणात आपटत होते. कोरफडीचा हिरवट गर काचांमधून वाहत होता. शेजारची गंगी मध्ये पडली, तर तिलाही ढकलून दिलं. जिवलीने स्वतःला सोडवायला हात वर केला, तेव्हा विनोदने मलम ढवळायचा लाकडी दांडा उचलून तिच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या ओट्यावर ऐकू आला.

मी धावत जाऊन त्याच्या दंडाला धरलं. एके काळी माझ्या वर्गात हाच मुलगा पाटीवर पाणी सांडलं तरी रडायचा. आता तो हायवेवर टेम्पो चालवतो. बाप गेल्यापासून धाकट्या दक्षाला त्यानेच वाढवलं. तिचं लग्न तोंडावर आलं होतं आणि उजव्या बुबुळावर पांढरा डाग पसरत चालला होता. डोळा जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पाड्यावर एकच बोललं जात होतं, की जिवलीच्या मलमात औषध होतं.

या शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्या आशागडकडे औषध म्हणजे चिकूच्या बागेत फवारतात ते विष. कुणी औषध घेतलं असं कानावर आलं, की कुठल्या डॉक्टरचं, असं कुणी विचारत नाही. जिवलीचा नवरा लाहू ते पिऊनच गेला. पुढे बचत गटाच्या शिबिरात ती कोरफडीचं मलम करायला शिकली. शिकवणाऱ्या निर्मलाताईंनी शेवटी एक छोटी बाटली दाखवली आणि म्हणाल्या, हे टिकवायचं औषध, याचे मोजून थेंब घालायचेच. जिवलीने मान डोलावली, पण ती बाटली घरात आणली नाही. तलासरीच्या बाजारात ती आपलं मलम "बिनऔषधाचं" म्हणून विकायची. रसायनांना घाबरलेल्या मुली ते आवडीने घ्यायच्या. दक्षानेही घेतलं होतं आणि हळदीआधी तोंड उजळावं म्हणून रोज डोळ्यांभोवती चोळलं होतं.

अंगणात पडलेली जिवली तोंडातला गर थुंकली. मग डबा चांगल्या हाताने ओढून तिने वास घेतला. झाकणाच्या आतून करडी बुरशी धरली होती.

"बाई, हे कुजलंय," ती मला म्हणाली. मग विनोदकडे वळली. "डॉक्टरला काय सांगितलंत?"

"औषध गेलं डोळ्यात, म्हणून सांगितलं."

"मी घातलंच नाही. त्याला चुकीचं सांगितलंत."

"आता जीव वाचवायला खोटं बोलतेय," त्याच्याबरोबरचा एक जण म्हणाला आणि त्याने तिच्या पाठीत लाथ घातली.

जिवली कळवळली, पण बोलायची थांबली नाही. "घातलं असतं तर कुजलं नसतं. चूक माझीच आहे. पण डॉक्टरला खरं कळू दे, नाहीतर पोरीचा डोळा जाईल."

विनोदने हातातला दांडा खाली टाकला. मी रिक्षा बोलावली. रिक्षात जिवलीचा मोडलेला हात माझ्या पदरात होता. दुसऱ्या हाताने तिने डबा छातीशी धरला होता. खड्डा आला की ती ओठ चावायची. विनोद टेम्पो घेऊन मागून आला.

दक्षाला ठेवलं होतं त्या डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डबा हुंगला आणि त्यांचा चेहरा बदलला. शेतावरचं विष समजून त्यांनी डोळा धुतला होता आणि सूज उतरवायचे थेंब दिले होते. जखमेत जंतू असतील तर त्या थेंबांनी ते आणखी फोफावतात, असं ते म्हणाले. कुठलं औषध, हे आपण विचारलंच नाही, असंही म्हणाले. पाणी असलेल्या मलमात टिकवायचं काही नसेल तर ते सडणारच. मापात घातलेल्या थेंबांना फवारणीच्या विषासारखं घाबरायचं कारण नसतं.

मग त्यांनी तपासणीसाठी बुबुळावरून खरवडून घेतलं. बधिर करूनही दक्षाच्या किंकाळ्या बंद दारातून बाहेर येत होत्या. विनोद प्रत्येक किंकाळीला भिंतीवर डोकं आपटत होता. त्याला कुणी धरलं नाही. जिवली बाकावर बसून होती. दुसऱ्या खोलीत तिच्या हाताला प्लास्टर घालायला बोलावत होते, पण दार उघडेपर्यंत ती उठली नाही.

नवे थेंब लागू पडले. डाग पसरायचा थांबला, मग आक्रसत गेला. मध्यावर एक धुरकट ठिपका तेवढा राहिला. पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरांनी दक्षाचा डावा डोळा झाकला आणि दारात कोण आहे ते विचारलं.

ती बराच वेळ पाहत राहिली. "जिवलीकाकी," ती म्हणाली. "हात गळ्यात बांधलाय. काकी, काय झालं गं?"

विनोद खाटेच्या पायथ्याशी उभा होता. जिवली आत येऊन बसली. तिने दक्षाला आधी मलमाचं सांगितलं आणि मग हाताचं.