पेरेआला बघण्यासारखं काही नाही

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. आमच्याकडे ते फ्रीझरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यांसारखे साठत जातात. वर लेबल व्हॅनिलाचं, आत कधीची तरी मटकीची उसळ! शनिवारी दुपारी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आमच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, चौघं चहाला बसलो की कुणीतरी एक डबा काढतं, मग दुसरा निघतो, आणि चहा गार होतो. गेल्या जूनपासून मात्र डबे एकाच कप्प्यातले निघतायत. पेरेआचे.

चौघं म्हणजे मी, स्मिता, रिटायर्ड फार्मसिस्ट. माझा नवरा अविनाश, आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे एक्स-रे वाचलेला. आमचा मित्र माधव, हाडांचा सर्जन. त्यानं शेकडो लोकांचे गुडघे बदलले, स्वतःच्या उजव्या गुडघ्याला मात्र कुणाला हात लावू देत नाही. आणि मंदाताई. वय अठ्ठ्याहत्तर. कॉव्हेंट्रीत तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या डॉक्टर. आम्ही तिघं त्यांना ‘अहो ताई’ म्हणतो, त्या आम्हाला अजून ज्युनियर डॉक्टरांसारखं वागवतात.

कुठे जायचं यावर दोन महिने खल चालला होता. अथेन्सला चढ फार, क्रूझवर गर्दी फार. एका शनिवारी माधव आयपॅड नाचवत आला. थेसालोनिकी नावाचं ग्रीसमधलं मोठं शहर, त्याच्या समोर, खाडीपलीकडे, पेरेआ नावाचं उपनगर. कुणीतरी वैतागून रिव्ह्यू लिहिला होता, ‘एक लांब फुटपाथ, समुद्र आणि खुर्च्या. बघण्यासारखं काहीही नाही.’

माधव आनंदानं ओरडला, “बघण्यासारखं काहीही नाही! बुक करा!”

*

विमानतळ पेरेआच्या अगदी शेजारी आहे. टॅक्सीवाला म्हणाला, “टेन मिनिट्स!”

माधव म्हणाला, “नो. वुई गो बाय बोट.” समुद्राकाठच्या गावात समुद्रातूनच शिरलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी आधी उलट्या दिशेनं शहरात जायचं, तिथल्या धक्क्यावरून बोट पकडायची आणि मग पेरेआ.

शहरात ट्रॅफिक. धक्क्यावर ऊन. बोट नुकतीच सुटलेली. पुढची येईपर्यंत आम्ही चौघं आपापल्या बॅगेवर बसून राहिलो. माधव सोडून कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि माधवशीही कुणी बोलत नव्हतं.

बोट निघाल्यावर मात्र बरं वाटलं. वारा होता. पाणी शांत होतं. तासाभरानं डाव्या हाताला पाण्यात घुसलेला एक लांब काँक्रीटचा पट्टा दिसला आणि त्यावर एक विमान अलगद उतरलं.

मंदाताईंनी चष्मा पुसून पाहिलं. “माधव, हा सकाळचाच विमानतळ ना?”

“हो, ताई.”

“मग आपण परत घरी चाललोय का?”

*

घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत होतं. वर आम्ही, खाली मालकीणबाई. किरिया सोफिया. किरिया म्हणजे बाई, एवढं आम्हाला कळलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाला ग्रीक. वय मंदाताईंच्याच आसपास, आवाजही तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मंदाताईंनी बॅगेतून छोटा कुकर काढला आणि वरण लावलं. त्या कॉव्हेंट्रीबाहेर कुकरशिवाय जात नाहीत. दुपारी तीन ते साडेपाच तिथे सगळं गाव झोपतं आणि त्या वेळात आवाज करायचा नसतो, हे दाराच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. ग्रीकमध्ये!

पहिली शिट्टी झाली. समोरच्या बाल्कनीत एक काका बनियनवर बाहेर आले. दुसरी झाली, आणखी दोन बाल्कन्या उघडल्या. तिसऱ्या शिट्टीला किरिया सोफिया गाऊनवर धावत वर आल्या, आधी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग कुकरकडे, मग छातीवर हात ठेवला.

मंदाताई शांतपणे म्हणाल्या, “अहो, डाळ आहे!” चक्क मराठीत. आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

वरणभात, वर लिंबू. सोफियाबाईंनी एक घास खाल्ला आणि त्यांचा चेहरा उजळला. “फावा!”

“फावा नाही, वरण.”

“फावा!”

“वरण!”

सोफियाबाई तडक उठल्या, खालून एक बशी घेऊन आल्या. पिवळी डाळ, घट्ट घोटलेली, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह ऑइल. त्यांनी बशीकडे बोट दाखवून ठासून सांगितलं, “फावा.”

मंदाताईंनी चमचाभर खाल्लं, डोळे मिटून विचार केला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “चव चांगली आहे. पण ही फोडणी द्यायला विसरलीये!”

*

ग्रीकमध्ये ‘हो’ला ‘ने’ म्हणतात. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तोपर्यंत अविनाशच्या पोटात फार कॉफी गेली होती.

झालं असं, की सकाळी आम्ही फुटपाथवरच्या कॅफेत बसायचो. तिथे कॉफी मागवली की दुपारपर्यंत बसलात तरी कुणी उठवत नाही. वेटर मधूनच येऊन काहीतरी विचारायचा. अविनाशचं लक्ष समुद्राकडे. तो त्याच्याकडे न बघता म्हणायचा, “नै, नै.” आणि पाच मिनिटांत आणखी एक फेसाळ गार कॉफी हजर!

“मी नै म्हटलं ना!” अविनाश वैतागला.

वेटर खूश. “ने, ने!”

चौथा ग्लास आल्यावर शेजारच्या टेबलावरच्या एका मुलीनं हसत हसत इंग्रजीत खुलासा केला. अविनाश कपाळाला हात लावून बसला. मी मात्र त्या वेटरकडे आदरानं बघत होते. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. अविनाशच्या ‘नै’चा ‘हो’ करून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते!

*

फुटपाथच्या टोकाला एक खानावळ होती. निळ्या खुर्च्या, तळलेली तारली, मालकाचं नाव थानासिस. तो ताटं आणताना लंगडायचा. दोन दिवस माधवनं सहन केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं काटा खाली ठेवला. “सिट,” तो थानासिसला म्हणाला.

पाय खुर्चीवर, पँट गुडघ्यापर्यंत वर. माधवनं दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, मग टेबलाची कड धरून तीन व्यायाम करून दाखवले. “औषध नाही, ऑपरेशन नाही. हे रोज करायचं.”

दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो तर थानासिसच्या टेबलांवर पाच म्हातारे बसलेले. जेवायला नव्हे. सगळ्यांनी पँटी गुडघ्यापर्यंत वर घेतलेल्या!

माधव रिटायर झाल्यापासून मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता. दीड तास ओपीडी चालली. थानासिस दुभाषा. सगळेजण टेबलाच्या कडा धरून उठाबशा काढतायत, समोर समुद्र, आणि आमची तारली गार. रिटायर झाल्यानंतर पहिलं वर्ष माधव सकाळी सातला टाय बांधून स्वयंपाकघरात बसायचा. त्याच्या बायकोनं, तेव्हा ती होती, हे मला फोनवर रडत सांगितलं होतं. त्यामुळे त्या दिवशी गार तारलीबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेवटचा पेशंट होता एक मच्छीमार, ऐंशीच्या पुढचा, काडीसारखा. त्याला तपासून झालं. माधव खुर्चीवरून उठायला गेला, एकदा बसला, परत उठायला गेला, तोंडातून “आई गं!” निघालं.

मच्छीमारानं डोळे बारीक केले. वाकला आणि माधवच्या उजव्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. मग थानासिसला काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतायत?” माधवनं विचारलं.

थानासिस संकोचला. “ही सेज, यू आर व्हेरी गुड डॉक्टर.”

“थँक यू!”

“ही सेज, नाऊ गो टू डॉक्टर.”

कॉव्हेंट्रीला आल्यावर पहिल्याच सोमवारी माधवनं जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन लावला. आता तो ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर आहे, आणि लिस्ट किती लांब आहे हे रोज आम्हाला ऐकवतो. पूर्वी त्याचे पेशंट त्याला हेच ऐकवायचे!

*

आता मंदाताईंबद्दल. कारण त्या आठवड्यात आमच्या सगळ्यांच्या मनात तेच होतं, आणि कुणी बोलत नव्हतं.

त्यांचा मुलगा संजय लंडनकडच्या ब्रॅकनेलला असतो, आयटीत. चांगला मुलगा. त्यांचे यजमान गेले त्याला चार वर्षं झाली. डोळ्यांमुळे गेल्या हिवाळ्यात ताईंनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून संजयनं लावून धरलं होतं. कॉव्हेंट्रीचं घर विकायचं आणि ताईंनी ब्रॅकनेलला यायचं. त्यानं गॅरेज पाडून त्यांच्यासाठी खोली बांधली होती. खिडकी मोठी, बाथरूममध्ये धरायला कड्या. ताई ना हो म्हणत होत्या ना नाही.

एका संध्याकाळी बाल्कनीत त्या आणि मी दोघीच होतो. खाडीपलीकडे शहर पसरलेलं दिसत होतं.

“स्मिता, त्यानं कड्या कुठल्या उंचीवर बसवल्यात माहितीये? माझ्या हाताच्या मापानं. मागच्या वेळी गेले तेव्हा गुपचूप माप घेतलं म्हणे.”

“मग?”

“मग काय! इतक्या मायेनं केलेल्या खोलीला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर सकाळी उठून मी तिथे करायचं काय?” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “कॉव्हेंट्रीत बसच्या रांगेत उभी राहिले तरी कुणीतरी म्हणतं, डॉक्टर, तुम्ही माझ्या मुलीला जन्माला आणलंत.”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला आणि मग नाडी मोजताहेत असं दाखवून सोडवून घेतला.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. नात, रिया. ब्रॅकनेललाच जन्मलेली, मराठी आपल्या हिमतीवर बोलणारी.

“आजी! तू कुठे बसला आहेस? समुद्र किती छान दिसते!”

“दिसतो, राणी.”

“आजी, डॅड म्हणते की तू लोनली आहेस. तू लोनली आहेस का?”

ताईंनी मागे वळून पाहिलं. आत माधव सोफ्यावर घोरत होता. अविनाश डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधत होता. दारात किरिया सोफिया फावाची दुसरी बशी घेऊन उभ्या होत्या.

“नाही गं,” ताई म्हणाल्या. “दोन मिनिटं एकटीला बसू देतील तर शपथ!”

*

आणि आता शेवटच्या दिवसाचा किस्सा.

पेरेआचा समुद्र उथळ आहे. कितीही आत गेलं तरी पाणी छातीच्या वर येत नाही. रोज सकाळी नऊला सात-आठ म्हाताऱ्या मोठमोठ्या हॅट घालून पाण्यात शिरायच्या आणि गोल करून उभ्या राहायच्या. पोहायचं नाव नाही. दीड-दोन तास नुसत्या बोलायच्या. किरिया सोफिया त्यांच्यातल्याच. एके दिवशी त्यांनी मंदाताईंच्या डोक्यावर आपली जास्तीची हॅट ठेवली आणि हाताला धरून नेलं. ताई आयुष्यात कधी घोट्याच्या वर समुद्रात गेल्या नव्हत्या. जुना पंजाबी ड्रेस घालून गेल्या. गोलातल्या बायका सरकल्या, जागा झाली. मग रोजच जायला लागल्या.

“काही कळतं का?” मी विचारलं होतं.

“सगळं. त्या ग्रीकमध्ये बोलतात, मी मराठीत. गुडघे, सुना, आणि डॉक्टर कसे ऐकून घेत नाहीत.”

शेवटच्या सकाळी मी काठावर सगळ्यांचे टॉवेल आणि फोन सांभाळत बसले होते. ताईंचा फोन वाजला. संजय.

“स्मितामावशी, आईला द्या ना. एस्टेट एजंटला घर दाखवायचंय, सोमवारी दहाचा स्लॉट मिळालाय. तिनं फक्त हो म्हणायचं, बाकी सगळं मी बघतो.” त्याचा आवाज दमलेला होता. “मावशी, मला तिची काळजी वाटते हो.”

“माहितीये रे मला,” मी म्हटलं.

मी चपला हातात घेतल्या, फोन स्पीकरवर टाकला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. पुढे जायची हिंमत नव्हती, फोन भिजला असता. पंचवीस-तीस पावलांवर हॅटचं गोल कडं. मधोमध एक बाई दोन्ही हात उंचावून काहीतरी भयंकर सांगत होती आणि ताई मान डोलावत होत्या.

“ताई!” मी ओरडले. “संजयचा फोन आहे! सोमवारी घर दाखवायचं का, विचारतोय!”

ताई वळल्या. बाकीच्या हॅटही वळल्या. मला फोनमधून संजयचा श्वास ऐकू येत होता.

“त्याला सांग, सोमवारी कुणाला पाठवू नकोस!” ताईंचा लेबर वॉर्डातला आवाज पाण्यावरून खणखणीत आला. “खोली फार सुंदर झालीये म्हणावं, मी दिवाळीला येऊन राहीन! पण घर विकायचं नाही!”

“आई!” फोनमधून संजय ओरडला. “आई, अगं, एक मिनिट बोल तरी माझ्याशी!”

“ताई, तुम्हीच बोला ना!” मी फोन उंच धरला.

मधली बाई ताईंच्या दंडाला धरून पुढचं सांगायला अधीर झाली होती. ताईंनी हॅट सरळ केली, आमच्याकडे पाठ फिरवली आणि खांद्यावरून म्हणाल्या, “आत्ता नाही जमणार. मी मीटिंगमध्ये आहे!”