टाकीपाशी अर्धा तास

फाळणीनंतरच्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग कल्याणजवळच्या निर्वासित छावणीत झालं. मी लष्करी नर्स होते, हुद्दा लेफ्टनंट. युद्धकाळातल्या बराकी होत्या, माणसं हजारोंनी होती, पण नळ नव्हता. नदीचं पाणी टँकरने यायचं. ते टाकीत पडलं की मी ब्लीचिंग पावडर घालायची, जंतू मरायला अर्धा तास थांबायचं आणि मग नाईक गणपतने तोटी उघडायची. गणपत जवळच्याच खडवली गावचा. मला चारचौघांत मोठ्याने बोलता येत नसे. माझ्या ऑर्डर्स तोच ओरडून सांगायचा.

मे महिन्यात छावणीत कॉलरा शिरला. त्यातच एके दिवशी टँकर बिघडला. दुपारी तो आला तेव्हा टाकीभोवती घागरींची गर्दी होती. मी पावडर घातली.

कोणीतरी म्हणालं, "ज़हर डाल रही है."

माणसं पुढे सरकली. माझी पाठ टाकीला टेकली.  टाकीजवळच्या फील्ड टेलिफोनवर मी विचारलं, तर छावणीचे मेजर एवढंच म्हणाले, "अर्धा तास. एक थेंबही नाही. आउट."

"सिस्टर, हे काय थांबनार नाय." गणपतने तोटीखाली मग धरला.

"नाईक, वेळ झालेली नाही."

"म्हाईत हाय."

तो टाकीच्या चौथऱ्यावर चढला आणि सगळ्यांना दिसेल असा तो मग पिऊन रिकामा केला. "ज़हर है ना? बैठो. देखो, मरता हूँ क्या."

पुढची एक म्हातारी खरंच खाली बसली. "बैठो सब. देखते हैं."

"मर गया तो मेरी बीड़ी तेरी, अम्मा."

दोघंतिघं हसले. मग सगळेच बसले. ते गणपतकडे बघत होते, मी घड्याळाकडे. अर्ध्या तासाने गणपत उभाच होता आणि पाणी पिण्याजोगं झालं होतं. मी मान हलवली. त्याने तोटी उघडली.

दोन दिवसांनी त्याला कॉलरा होऊन माझ्याच वॉर्डात आणलं. सलाईन पुरलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "त्या टाकीवरच्या लोकांतलं कोन आजारी पडून आलं का?"

"कोणी नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

पुढच्या वर्षी पाइपलाइन आली. तोवर तिथे कोणी पक्की भिंत बांधत नव्हतं. नंतर दुकानं झाली, शाळा झाली, आता लोक त्याला शहर म्हणतात. पण पहिल्यांदा नळाला पाणी सुटलं त्या दिवशी त्या म्हातारीने पहिला मग भरून जुन्या चौथऱ्यावर ठेवला, शेजारी एक बिडी. मग रांग सुरू झाली.