अण्णा सोमणांची केबल

अण्णा सोमण केबलचं टोक आधी हुंगून बघत. माझी त्यांची पहिली ओळख झाली तीच मुळी अशी. मी नुकताच बदली होऊन जकात खात्यात कलकत्त्याला आलो होतो. बेहालाच्या भाड्याच्या घरावर मोठ्या हौशीने अँटेना उभारली होती आणि आठ दिवसांत ती बहिरी झाली होती. खिदिरपूरच्या गोदीत आगबोटींचे वायरलेस संच दुरुस्त करणारा एक मराठी माणूस आहे आणि तो स्वतःही हौशी रेडिओवाला आहे, असं कळलं म्हणून त्यांना बोलावलं. पन्नाशीचे, ठेंगणे, धोतरावर कोट घातलेले गृहस्थ गच्चीवर आले. संचाकडे त्यांनी पाहिलंही नाही. चाकूने केबलचा तुकडा कापला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "कुजलीय. पाणी प्यायलीय ही. कोणी जोडली?"

मीच जोडली होती. तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. मग खाली बसून त्यांनी ती सोलून दाखवली. मधे तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरट थर, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सगळ्यावर काळं आवरण. आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना शिवल्या की कारभार आटोपला. कलकत्त्याची दमट हवा जोडातून आत शिरते, जाळी हिरवी पडते, आणि आपण इकडे संचाची बटणं पिळत बसतो. "तार बरी असते हो, देवधर," ते म्हणाले, "आजारी पडतो तो जोड. आणि दोष शोधायचा तर लांबच्या टोकापासून शोधायचा. माणूस आळशी, जवळचं आधी उघडतो."

ही त्यांची दोन वाक्यं मी पुढे इतक्यांदा ऐकली की त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकी. त्यावर ते हसत नसत. अण्णांना विनोद कळायचा, पण केबलच्या बाबतीत चालायचा नाही. लढाईत उरलेला माल खिदिरपूरच्या भंगारवाल्यांकडे ढिगाने पडलेला असे. त्या ढिगापुढे उकिडवे बसून ते वेटोळ्यांची टोकं हुंगत, तेव्हा भंगारवाले एकमेकांना डोळे घालत. मला लाज वाटायची. त्यांना वाटत नसे. डाख दिलेला प्रत्येक जोड ते ओढून बघत, त्यावर चिकटपट्टी गुंडाळत आणि वरून मेण ओतत. वाईट जोड पाहिला की ते खरोखर संतापत. उघडं गटार पाहून एखादा संतापेल तसे.

त्यांचं घर गोदीजवळच होतं. वर गच्ची आणि गच्चीवर दोन बांबूंमधे ताणलेली अँटेनाची तार. घरात ते आणि वहिनी. एकुलता एक मुकुंदा नैरोबीला नोकरीला होता. लग्न व्हायचं होतं. त्याला मोर्सच्या खुणा अण्णांनी तो शाळेत असतानाच शिकवलेल्या. तिकडे जाऊन त्यानेही परवाना काढला, संच उभा केला, आणि दर रविवारी चार-साडेचारच्या सुमारास बापलेकांची गाठ पडू लागली. बोलणं असं काही नसे. तब्येत, पाऊस, तुझा आवाज आज बुडतोय, माझी अँटेना वाकडी झालीय. अण्णा कानाला लावायचे फोन वापरत नसत, मुद्दाम कर्णा लावत, कारण वहिनींना ऐकायचं असे. त्या तांदूळ निवडत समोर बसायच्या. खुणा त्यांना कळत नसत. मधूनमधून "काय म्हणतो?" असं विचारायच्या आणि अण्णा मराठीत सांगायचे. रेडिओ झाल्यापासून मुकुंदाने पत्रं लिहिणं जवळजवळ सोडलं होतं. वहिनींची त्याबद्दल तक्रार नव्हती.

एका साली दुर्गापूजेच्या सुट्टीनंतरच्या एका सोमवारी अण्णा गोदीतून थेट माझ्या कचेरीत आले. अंगठ्याला चिंधी बांधलेली. म्हणाले, "हाताला कापलंय. थोडे दिवस आमच्या देवांची पूजा करून जाल का? तिला उगीच चुकल्यासारखं वाटतं." मी कबूल झालो. सकाळी त्यांच्याकडे जाऊन पूजा करायची आणि तिथून कचेरीत जायचं. वहिनी गंध उगाळून ठेवत, पण त्याही देवघरात येत नसत. कंबर धरलीय म्हणाल्या. अण्णा गॅलरीत पाठमोरे बसलेले असत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच सुमारास त्यांची अँटेना बिघडली. रविवार उजाडला की अण्णा गच्चीवर चढत, चांगले जोड उकलून पुन्हा बांधत, मेण खरवडून पुन्हा ओतत. वहिनी चहा घेऊन वर येत आणि विचारत, "आज लागेल का?" ते म्हणत, "केबलमधे दोष आहे. सापडत नाहीय." असे बरेच रविवार गेले. ज्याने अख्ख्या गोदीतल्या बोटींचे दोष काढले, त्या माणसाला स्वतःच्या गच्चीवरचा दोष सापडेना हे मला पटेना. शेवटी एका रविवारी, ते भाजी आणायला गेलेले असताना, मी मीटर घेऊन त्यांच्या गच्चीवर गेलो.

लांबच्या टोकापासून सुरुवात केली. अँटेनाची तार सोडवली, तरी मीटरचा काटा पलीकडे जाऊन आदळलेलाच. म्हणजे आतली तार आणि जाळी केबलच्या मधेच कुठेतरी एकमेकींना शिवल्या होत्या. केबल हातातून सरकवत गच्चीवरच्या जिन्याच्या खिडकीपर्यंत आलो. तिथे चौकटीमागे चिकटपट्टी गुंडाळलेली लागली. जिथे जोड नाही तिथे पट्टी कशाला? ती सोडवली. आत एक साधी टाचणी, डोक्यापर्यंत आरपार खुपसलेली.

मागे अण्णा उभे होते. पिशवी हातात तशीच.

"राहू द्या ती, देवधर," ते म्हणाले.

मग बांबूला टेकून त्यांनी सांगितलं. माझ्या कचेरीत आले त्याच्या आदल्या दिवशीचा तो रविवार. वेळेवर खुणा आल्या, पण मुकुंदाच्या नव्हत्या. त्याचा तिथला एक गुजराती मित्र होता, तोही रेडिओवाला. त्याने कळवलं की मोटार उलटून मुकुंद जागीच गेला, दहन झालं, पत्र कुठे पाठवू? वहिनी समोर तांदूळ निवडत होत्या. कर्णा चालू होता. मुलगा मेल्याची बातमी त्या खोलीत मोठ्या आवाजात वाजली आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणतो?" अण्णा म्हणाले, "बरा आहे. आवाज बुडतोय. केबलमधे दोष दिसतो." उत्तरादाखल त्यांनी गोदीचा पत्ता वाजवला आणि संच बंद केला.

"आता टाचणी काढली तर केबल बरी होईल," अण्णा मला म्हणाले. "मग रविवारी ती समोर येऊन बसेल. मी कुठून आणू त्याला?"

वहिनींना सांगा, असं मी म्हणालो. पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले. तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मी चिडलो, समजावलं, मी सांगू का म्हणून विचारलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. दिवसेंदिवस ते वाळत चालले होते. आता ते गच्चीवर जोड बांधत ते इतके सुबक असत की बघवत नसे. टाचणी मात्र जागच्या जागी होती, वर नवी पट्टी होती.

थंडी सरता सरता एकदा मी घरी गेलो तर अण्णा नव्हते. वहिनींनी मला बसवलं. चहा दिला आणि एकदम म्हणाल्या, "भावोजी, त्यांना म्हणावं, एकदाचं सांगून टाका."

मी कप खाली ठेवला.

"मला खुणा कळत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण मुलाचा हात कळतो. शेवटची टिचकी तो लांबवायचा, लहान होता तेव्हापासून. त्या दिवशी वाजवणारा दुसराच कोणी होता. मग ह्यांचा चेहरा पाहिला. दुसऱ्या दिवशी पूजा तुमच्याकडे दिली. सुतक कळायला मला कोणी सांगायला लागतं का? मीही तेव्हापासून सुतक पाळलं."

"मग विचारलं का नाहीत?"

"मी विचारलं तर त्यांना तोंडाने म्हणावं लागेल. आज लागेल का म्हणून विचारते, तेवढ्यावर ते जिना चढतात, जेवतात. ते सांगत नाहीत तोवर मला रडता येत नाही, भावोजी. रडले तर त्यांना कळेल."

मी हे अण्णांना सांगायचं ठरवून निघालो. वहिनी जिन्यापर्यंत आल्या. माझ्या तोंडून ते नको म्हणाल्या. त्यांचे ते सांगतील. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांच्याही पाया पडावंसं वाटत होतं.

अण्णांनी सांगितलं नाही. तो शनिवार होता. सोमवारी गोदीत एका बोटीच्या डोलकाठीखाली उभे असताना छातीत कळ आली आणि ते बसले ते बसलेच. गोदीच्या लोकांनी त्यांना घरी आणलं तेव्हा दुपार झाली होती. मी पोचलो तोवर आळीतली बंगाली मंडळी जमली होती. आतून वहिनींचा आवाज येत होता. इतका मोठा आवाज त्या बाईला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून रडत होत्या आणि नाव घेत होत्या मुकुंदाचं. मुकुंदा, मुकुंदा, एवढंच.

शेजारचे म्हातारे चक्रवर्तीबाबू डोळे पुसत माझ्याजवळ आले. बिचारी मुलाला बोलावतेय म्हणाले. "छेलेके खबोर दियेछेन?" मुलाला कळवलंत का? तो लांब आहे, पण अग्नी त्यानेच द्यायला हवा. थांबायचं का त्याच्यासाठी?

थांबू नका, मी म्हणालो. अग्नी मी देईन.

तिरडी उचलताना मी आत डोकावलो. चक्रवर्तीबाबूंची बायको वहिनींना कुशीत घेऊन पाठीवरून हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा सांगत होती की रडू नकोस, मुलगा येईल, तार मिळाली की लगेच निघेल. वहिनी तिच्या खांद्यावर मान हलवून हो म्हणत होत्या.